पांढरा दोर

दोर तुटला तेव्हा आवाज झालाच नाही.

सर्कशीत असताना दोर तुटलेला मी दोनदा ऐकलाय. चाबूक ओढल्यागत कडाड आवाज होतो आणि मग लोक किंचाळतात. इथं तसलं काही नाही. माझा धाकटा भाऊ जोती कड्याच्या टोकाला बोटांवर लटकला होता. तोंडावर काळा बुरखा, दातांत कट्यार. ठरल्याप्रमाणे त्यानं एक हात सोडला, मग दुसरा सोडला. कमरेला मागून बांधलेला दोर ताणला गेला, आणि पुढच्या क्षणी तिथं जोती नव्हता, नुसतं आभाळ होतं.

"आक्काऽ!" एवढंच खालून ऐकू आलं.

बाजूच्या टप्प्यावर गुप्ते कॅमेऱ्याचा दांडा फिरवत होता. तो फिरवतच राहिला. मी त्याला शिवी हासडली तेव्हा कुठं त्याचा हात थांबला. बिचाऱ्याला सवयच ती. समोर काही का होईना, आमचे मालक आप्पासाहेब 'बास' म्हणेपर्यंत दांडा फिरवायचा. त्या दिवशी आप्पासाहेबांच्या तोंडून शब्दच फुटेना.

जोती दोन माणसांच्या उंचीएवढा खाली करवंदीच्या जाळीत अडकला म्हणून वाचला. त्याच्याखाली नुसती दरी होती. मी खाली उतरायला धावले, पण धावता धावता एकदा मागं वळून बघितलं ते दौलतकडं. दोराचं वरचं टोक त्याच्या हवाली होतं. खडकाआड पाय रोवून, दोर कमरेला गुंडाळून तो बसला होता. माणसानं अशा वेळी काय करावं? उठावं, ओरडावं, खाली वाकून बघावं. त्यानं यातलं काही केलं नाही. त्यानं दोराचं तुटलेलं टोक हातात घेतलं, नाकाशी नेलं, जिभेला लावलं, आणि इकडंतिकडं बघून सदऱ्यात कोंबलं.

मी बघतेय हे त्याला ठाऊक नव्हतं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

मला लोक संशयी म्हणतात. आहेच मी. कोल्हापूरच्या बाजारात भाजीवाल्या माझ्यासमोर तराजू दोनदा उचलून दाखवायच्या. पण त्या दिवशीचा माझा संशय उगाच नव्हता, त्याला कारण होतं.

सन सव्वीसची ही गोष्ट. मी, जोती आणि दौलत, तिघंही तासगावकडच्या एका सर्कशीतले. झोपाळ्यावरची कामं करायचो. सर्कस बुडाली तेव्हा कोल्हापुरात आप्पासाहेब इंगवल्यांनी आम्हाला त्यांच्या फिल्म कंपनीत घेतलं. तेव्हा बोलपट नव्हते. पडदा मुका, खाली पेटी-तबला वाजायचा. आप्पासाहेबांनी बारा भागांचं एक साहसी चित्र काढायला घेतलं होतं, 'बुरखेवाला सरदार'. दर शनिवारी थेटरात एक भाग. दर भागाच्या शेवटी बुरखेवाला कुठंतरी मरणाच्या दारात सापडायचा, आणि पब्लिक आठवडाभर चहाच्या दुकानांतून त्याचीच चर्चा करत बसायचं.

पहिल्या पाच भागांत बुरख्याआड दौलत होता. सहाव्यापासून आप्पासाहेबांनी बुरखा जोतीला दिला. जोती अंगानं हलका, पळताना वाऱ्यागत दिसायचा. पब्लिकला काही कळलं नाही. पडद्यावर बुरखा तोच, आतला माणूस तेवढा बदलला. दौलतला मात्र दोर धरायच्या कामाला बसवलं. तो एका शब्दानं बोलला नाही. मला विचाराल तर न बोलणारा माणूस जास्त वाईट.

संध्याकाळी इस्पितळात जोतीचा खुबा बांधून डॉक्टर गेले. जोतीचा चेहरा पिवळा पडला होता, पण तोंड बंद नव्हतं.

"आक्का, दौलतनंच केलं ह्ये."

"गप पड."

"गप काय पड? बुरखा गेल्यापास्नं माझ्याशी धड बोलत न्हाई त्यो. आज सकाळी मला म्हनतो, 'दोर बगितलास का रं अंगाचा भार टाकून?' म्हंजे बग. त्याला आदीच ठावं हुतं."

"मग बगितलास का न्हाई?"

"न्हाई. तू दिल्याला दोर, त्यात बगायचं काय? आनि आप्पासायेब वराडत हुते, ढग आला, ढग आला म्हनून."

सर्कशीत नियम असा, की वर चढण्याआधी आपला दोर आपण तपासायचा. नुसता हातानं ओढून नव्हे, अख्खा लोंबकळून. आई असली तरी दुसऱ्याच्या शब्दावर वर जायचं नाही. फिल्ममध्ये आल्यावर हा नियम सुटला. इथं सूर्य थांबत नाही, आणि सूर्यापायी आप्पासाहेबही थांबत नाहीत.

ते दारातच उभे होते. जाडजूड माणूस, हातात टोपी. "भागू, जरा बाहेर ये."

व्हरांड्यात ते म्हणाले, "पोराचं लई वाईट झालं. पण शनिवारी आठवा भाग थेटरात गेला पायजे. गेल्या शनिवारी बुरखेवाल्याला कड्यावर चढवून ठेवलाय आपण. लोक खुर्च्या मोडतील."

"माझा भाऊ तिथं पडलाय, आनि तुमाला खुर्च्या दिसत्यात?"

"तसं न्हवं गं. परवा बुधवारी तेवढा लटकायचा तुकडा घ्यायचाय. तुझी नि जोतीची उंची एकच. बुरखा तू घाल. न्हाईतर मग…" ते थांबले.

"न्हाईतर काय?"

"न्हाईतर दौलतला परत द्यावा लागंल."

बघा! माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या भावाला लंगडा करून त्याला बुरखा परत मिळणार? मी जिवंत असताना?

"मी घालते बुरखा. पन दौलत वर नगं. दोर झाडाला बांधायचा."

"त्याच्यावर आळ घेतीस? पुरावा काय?"

दोर चाटून सदऱ्यात कोंबला, हा पुरावा कोण मानणार? मी म्हटलं, "पुरावा मी आनून दीन."

मंगळवारी सकाळपासून मी दोराजवळ बसले.

हा दुसरा दोर, पुढच्या भागासाठी मी आधीच बुडवून ठेवलेला; बोटाएवढा जाड, नवा, अंबाडीचा. तो पांढरा करायचं काम माझं. त्याचं असं झालं होतं. तिसऱ्या भागात दौलत बुरुजावरून लटकत होता, आणि ऐन रंगात आलेल्या थेटरात कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्येच्या कमरंला दोर हाय!" झालं. सगळं थेटर 'दोर, दोर' करून शिट्ट्या मारायला लागलं. आप्पासाहेब दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हा गुप्तेनं समजावलं, की आपल्या फिल्मला निळं दिसतच नाही, आकाश पांढरंफेक येतं, त्यावर तपकिरी दोर काळ्या रेघेसारखा उठतो. दोर पांढरा करा, आकाशात विरून जाईल.

मी चुना लावून बघितला, तो झडला. मैदा लावला, मुंग्या लागल्या. शेवटी पटकीच्या साथीत विहिरीत टाकतात ती पावडर आणली आणि पिंपभर कडक पाणी करून दोर दोन दिवस बुडवून ठेवला. काय पांढरा झाला म्हणता! बगळ्यासारखा. धुतला की परत पिवळट पडायचा, म्हणून धुवायचा नाही, तसाच उन्हात वाळवायचा. माझ्या बोटांची सालं निघाली, पण सहाव्या आणि सातव्या भागात दोर कुणाच्या बापाला दिसला नाही. आप्पासाहेबांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली होती. खोटं कशाला सांगू, मला त्याचा गर्व होता.

तर तो दोर स्टुडिओच्या मागं बांबूवर वाळत होता आणि मी खाली पोत्यावर बसून होते. हाताशी एक धोंडा. गुप्ते जाता जाता म्हणाला, "काय भागूबाई, अंडी उबवताय का?"

"तुमच्यासारख्याचं डोकं फोडायला बसलेय," मी म्हटलं. तो हसत गेला.

दहाच्या सुमाराला दौलत आला. खांद्यावर जुना, काळपट, मळलेला दोर. सर्कशीतला असावा.

"जोती कसा हाय?"

"मेला न्हाई. वाईट वाटलं आसंल तुला."

त्यानं ते गिळलं. "भागे, उद्या तू उतरनार म्हनं."

"व्हय."

"ह्यो माझा दोर घे."

"कशापायी? ह्यो काय वंगाळ हाय?"

"ह्यो नवा हाय. नव्याचा भरवसा नसतो. माझ्या दोरावर मी धा वर्सं लोंबकळलोय."

"तुझा दोर मळका हाय. पडद्यावर दिसंल."

"दिसू दे की."

'दिसू दे की!' ज्या माणसाला थेटरात 'दोर, दोर' म्हणून लोक हसले, तो म्हणतोय दिसू दे. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्यानं नजर चुकवली. त्याला मला दुसऱ्याच दोरावर का चढवायचंय? त्या काळपट दोरात काय करून ठेवलंय यानं?

"दौलत," मी उठून उभी राहिले, "काल जोतीच्या दोराचं टोक तू सदऱ्यात लपवलंस. मी बगितलंय."

त्याचा चेहरा पांढरा पडला. मला आनंद झाला, हो, आनंदच झाला. चोर सापडला की होतो तसा.

"कशाला लपवलंस? बोल की!"

एकदा त्यानं बांबूवरच्या दोराकडं बघितलं, एकदा माझ्या हातांकडं. मग खांद्यावरचा दोर माझ्या पायाशी ठेवला. "घे म्हंजे झालं," एवढंच म्हणाला आणि गेला.

मी तो दोर लाथेनं बाजूला सारला.

दुपारी जोतीला भाकरी न्यायची होती. दोर वाळला होता. मी त्याची गुंडाळी करून आमच्या खोलीत ठेवली. जाण्याआधी डोक्याचा एक लांब केस उपटून गुंडाळीभोवती बांधला. कुणी हात लावला तर केस तुटणार. दाराला बाहेरून कडी घातली. कुलूप मुद्दामच घातलं नाही. मला पुरावा हवा होता ना!

इस्पितळात मी घास भरवत होते आणि जोती तोंडात घास असताना दौलतच्या सात पिढ्या उद्धरत होता. माझं लक्ष नव्हतंच. अर्ध्यातच उठले आणि जवळजवळ पळत परत आले.

कडी निघालेली होती. मी दार ढकललं.

दौलत जमिनीवर मांडी घालून बसला होता. हातात सुरी. समोर माझ्या पांढऱ्या दोराचे हातहात लांबीचे तुकडे. तो शांतपणे एकेक तुकडा कापत होता, भाजी चिरावी तसा.

मी जी बोंब ठोकली ती नदीपलीकडं गेली असेल. सगळा स्टुडिओ धावत आला. गुप्ते, आप्पासाहेब, सुतार, रंगारी, सगळे. दौलत उठलाही नाही.

आप्पासाहेबांनी त्याच्या हातातली सुरी काढून घेतली. त्यांचा आवाज चिरकला होता. "दौलत, ह्यो दोर तू कापलास?"

"दिसतंय की. मीच कापला."

"का?"

दौलतनं हातातला तुकडा खाली ठेवला.

"आनि जोतीचा? त्यो बी तूच कापला हुतास का?"

खोलीत माणसं दाटीनं उभी होती. दौलतनं मान वर केली. त्यानं आप्पासाहेबांकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "व्हय."

आप्पासाहेबांनी त्याच्या थोबाडीत मारली. सुतारानं त्याला लाथ घातली. मी पुढं होऊन त्याच्या तोंडावर थुंकले. आज सांगतेय तर सगळंच सांगते. थुंकले मी.

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "आप्पासायेब, एक मागनं हाय. भागूला माझ्या जुन्या दोरावर उतरवा."

"चल नीघ! पोलिसात देत न्हाई हेच उपकार समज."

पोलिसात दिलं नाही ते कंपनीचं नाव खराब होईल म्हणून, उपकार कसले. दौलतनं आपली वळकटी उचलली आणि तो फाटकाबाहेर गेला. कुणी त्याच्या मागं थुंकलं, कुणी शिवी दिली. मी दारात उभी राहून तो दिसेनासा होईपर्यंत बघत होते. छाती भरून आली होती. माझा संशय खरा निघाला होता.

सगळे पांगल्यावर मी खोली आवरायला घेतली. जोतीची गादी आणि कपडे इस्पितळात पाठवायचे होते. गादी गुंडाळली आणि बांधायला म्हणून पांढऱ्या दोराचा एक तुकडा उचलला. फुकट गेलेला दोर, निदान एवढा तरी उपयोग. गाठ मारून जरा आवळली.

तुकडा माझ्या हातात आला. दोन भाग झाले. आवाज झाला नाही.

मला वाटलं, सुरीचा काप लागला असेल. दुसरा उचलला. चांगला अखंड बघून घेतला, दोन्ही मुठींत धरला आणि ओढला. उकडलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा तो सुटला. आतले धागे पिठासारखे बोटांना लागले. तिसरा. चौथा. मी वेड्यासारखी एकेक तुकडा ओढत सुटले. एकही टिकला नाही.

मग मी तो तुकडा नाकाशी नेला. त्याच पावडरीचा वास. जिभेला लावला. जीभ भाजली.

मी खाली बसले. माझ्या बोटांची सालं निघाली होती. चामडीची ही गत, तर अंबाडीच्या धाग्याची काय होणार, हा विचार एकदाही माझ्या डोक्यात आला नव्हता. दोर पांढरा दिसतोय ना, पडद्यावर विरतोय ना, एवढंच मी बघितलं. सर्कशीतली कुठलीही बाई दोराला पाण्याशिवाय काही लागू देणार नाही. मी फिल्मवाली झाले होते. जोतीला कड्यावरून कुणी टाकलं होतं ते माझ्या मांडीवर पडलं होतं, तुकड्यातुकड्यांनी.

दौलतचा काळपट दोर अंगणात मी लाथाडला तिथंच होता. मी तो तुळईवरून टाकला आणि अख्खी लोंबकळले. तुळई कुरकुरली, दोर हललासुद्धा नाही.

मिरजेची गाडी पाचला सुटायची. मी स्टेशनपर्यंत अनवाणी पळाले.

दौलत फलाटाच्या टोकाला वळकटीवर बसला होता. गालावर पाच बोटं उठलेली. मला बघून तो घाबरला. "काय झालं? जोती बरा हाय न्हवं?"

मी मूठ उघडून दोराचा चुरा दाखवला.

त्यानं एक मोठा उसासा सोडला. "तुला कळाय नगं हुतं."

"तुला कसं कळलं?"

"मिरजंत आपला तंबू कोसळला हुता, आठवतंय? पटकीची साथ हुती. तीच पावडर दोरांवर सांडली हुती कुनीतरी. मालकानं वाऱ्याचं नाव सांगितलं, पन तुटल्यालं, कुजल्यालं दोर मी गोळा केलं हुतं. त्यो वास इसरलो न्हाई मी. काल सकाळी जोतीच्या दोराला वाईच वास आला, म्हनून त्याला म्हनलं, भार टाकून बग. त्यो हसला. मी बी मग सोडून दिलं. माझी बी चूक हाय त्यात."

"मग सांगायचं न्हाईस मला? मी थुंकले तुझ्यावर! तू 'व्हय' का म्हनलास? का म्हनलास, दौलत?"

मी रडत होते. फलाटावरचे लोक बघायला लागले. त्यानं मला वळकटीवर बसवलं आणि स्वतः उभा राहिला.

"आईक. जोती आता उभा ऱ्हात न्हाई, ह्ये मला कालच कळलं. म्हंजे तुझ्या हातांवर दोगांचं प्वाट. सर्कशीत बगितलंयस न्हवं, ज्याच्या हातनं मानूस पडतं, त्याचा हात घाबरतो. परत वर जात न्हाई त्यो. तुला कळलं आसतं तर उद्या उतरली नसतीस. कदीच उतरली नसतीस. आनि तुझ्या पावडरीनं दोर तुटला म्हनल्यावर आप्पासायेबांनी तुला ठेवलं आसतं व्हय? मला काय, एकटा जीव. दुसरी सर्कस बगीन."

"मी सांगते आप्पासायेबांना. आत्ता जाऊन सांगते. जोतीला सांगते."

"सांग. पन आदी उद्या उतर. माझ्या दोरावर. मग काय सांगायचं ते सांग."

गाडी आली. त्यानं वळकटी आत टाकली आणि तो चढला. मी खिडकीचा गज धरून चालत राहिले. "दौलत, माफ कर रं," एवढंच म्हणत राहिले. त्यानं माझी बोटं गजावरून हळूच सोडवली, कारण गाडीनं वेग घेतला होता.

बुधवारी मी बुरखा घातला आणि त्याच्या दोरावर उतरले. दोर आधी झाडाला टाकून, अंगाचा सगळा भार देऊन बघितला. आप्पासाहेब ढग ढग म्हणून ओरडत होते, त्यांना ओरडू दिलं. हात थरथरत होते, पण सुटले नाहीत. गुप्ते कपाळावर हात मारून म्हणाला, "भागूबाई, हा दोर दिसणार हो, ठळक दिसणार." मी म्हटलं, "दिसू दे की."

शनिवारी थेटरात दोर दिसला. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

रविवारी मी इस्पितळात गेले ती सगळं सांगायचं ठरवूनच. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते, की एक पाय आखूड राहील, काठीशिवाय चालणं नाही. जोती भिंतीकडं तोंड करून पडला होता. मी "जोती" म्हटलं. तो वळला आणि लहान असताना धरायचा तसा माझा हात त्यानं घट्ट धरला. "आक्का, तू हाईस म्हनून मी हाय," तो म्हणाला. "त्या दौलतचं वाटोळं हुईल बग."

म्हटलं, आज नको. जरा बरा होऊ दे.

मग बोलपट आले, कंपनी बंद झाली, आणि आप्पासाहेबांनाही मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी नाटकाच्या, मग बोलपटांच्या लहानमोठ्या कामांत टिकून राहिले, बोलणंही शहरी झालं. जोती माझ्याकडंच होता. त्याचं लग्न झालं नाही. पाय दुखायला लागला की दौलतला शिव्या द्यायचा, म्हणजे रोजच. मी त्याच्या पायाला तेल लावत ऐकायची. दरवेळी वाटायचं, आता सांगावं. पण सांगायचं म्हणजे काय, हे तुम्ही माझ्या जागी बसून बघा. त्याच्याकडं माझ्याशिवाय कोण होतं? तो ज्या हातचं खात होता त्याच हातांनी त्याला पाडलंय, हे त्याला कळलं असतं तर त्यानं कुणाकडं बघायचं होतं? असं मी स्वतःला सांगायची. खरं कारण एवढंच, की मी भ्याले. गेल्या वर्षी जोती गेला, म्हणून आज हे बोलतेय.

दौलत मला त्यानंतर एकदाच दिसला. अठरा वर्षांनी, वैशाखातल्या एका दुपारी. दार वाजलं, मी उघडलं. केस पिकलेले, अंगात मळका कोट, पायांत धुळीनं भरलेल्या वहाणा. मी ओळखलं नाही असं नाही. लगेच ओळखलं.

"भागे," तो हसला, "इकडं सर्कशीचा तळ पडलाय. म्हनलं बगून जावं. वाईच पानी दे, लांबनं चालत आलोय."

मला वाटलं, त्याच्या पायांवर डोकं ठेवावं. मी वळून माठाकडं गेले, तांब्या भरला.

आतल्या खाटेवरून जोतीनं विचारलं, "कोन हाय गं आक्का?" आणि मग उठून बसल्याचा आवाज झाला. त्यानं काठी शोधली. "ह्यो आवाज कुनाचा? आक्का? दौलत हाय का त्यो?"

मी दारात आले. भरलेला तांब्या हातात होता. दौलत माझ्याकडं बघत होता. मी आता काय म्हणते ते ऐकायला तो थांबला होता, बाकी काही त्याच्या डोळ्यांत नव्हतं.

"न्हाई रं," मी आत तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "कुनी भिकारी हाय."

आणि दार लावून घेतलं.

बाहेर वहाणांचा आवाज हळूहळू लांब गेला. जोती काठी टेकत बाहेरच्या खोलीत आला, आणि माझ्या हातातल्या तांब्याकडं बघून म्हणाला, "आगं, भिकारी आसला म्हनून काय झालं? एवढ्या उनाचं, पानी तरी द्यायचं हुतंस."